घरचे म्हणाले, पोरगं शांत झालं

माझ्या मोबाईलमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटचे १,३४७ फोटो होते. आकडा नक्की माहितीये कारण मी त्यांचा वेगळा अल्बम केला होता, नाव दिलेलं 'पुरावा', आणि अल्बमच्या खाली आकडा दिसतोच. बरेचसे हललेले, काही चालत्या रिक्षातून काढलेले, एकदोन फोटोंत गाडीचा मालक माझ्याकडे 'काय भानगड आहे' अशा नजरेनं बघतोय. २०२३ च्या जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंतचे सगळे. तेव्हा मला सायकोसिस झाला होता, म्हणजे नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटायला लागतात तो आजार. त्या दोन महिन्यांबद्दल मी फार लिहिणार नाहीये, कारण त्याबद्दल विचारणारे भरपूर भेटतात, आवाज यायचे का, कोण दिसायचं का वगैरे. मला लिहायचंय त्याच्या पुढच्या सहा महिन्यांबद्दल, ज्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही कारण सगळ्यांच्या मते तोपर्यंत मी बरा झालेलो होतो.

पण थोडं मागचं सांगावंच लागेल.

सांगलीत पावसाळ्यात माणसं कशी जगतात ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. जुलै लागला की प्रत्येकाच्या मोबाईलवर दिवसातून दहा वेळा मेसेज येतो, कोयनेतून इतके हजार क्युसेक सोडले, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट इतके इंच. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या दुसरीच्या पोराला पण पाठ असतं. २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं आणि ते ज्यांनी बघितलंय त्यांना जुलैमध्ये नीट झोप लागत नाही, हे काही वेड नाही, अनुभव आहे. त्यामुळे मी जेव्हा सारखा पाण्याचे आकडे बघायला लागलो तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. त्यात मी अकाऊंट्सवाला, ३१ जुलैची रिटर्नची डेट डोक्यावर, रोज तीन तास झोप, मग दोन, मग नाहीच. आणि कुठेतरी त्या दिवसांत मला दिसायला लागलं की पाणी किती चढणार ते सरकार लपवतंय पण कुणीतरी ते गाड्यांच्या नंबरांतून बाहेर पाठवतंय आणि ते फक्त मला वाचता येतंय. हसू नका. म्हणजे हसा, मी पण आता हसतो कधीकधी, पण तेव्हा ते टॅलीतल्या ट्रायल बॅलन्ससारखं डेबिट-क्रेडिट जुळत होतं.

माझा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एसटी. सांगली डेपोच्या गाड्या, पण नंबर एमएच १४, एमएच २०, एमएच ४०. सांगलीचा तर एमएच १०. मग ह्या सांगलीत काय करतायत? बघा ना.

एका रात्री मी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या बेल वाजवल्या. रात्रीचे तीन. 'पाणी आलंय, निघा.' बाकीच्यांनी दार उघडून शिव्या घातल्या किंवा पप्पांना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मात्र माझ्यावर विश्वास ठेवला. त्या २०१९ ला बोटीतून बाहेर निघालेल्या, त्यांना 'पाणी आलं' एवढंच ऐकू आलं. पप्पा मला धरून घरात आणेपर्यंत त्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि देव घेऊन जिन्यात येऊन बसल्या होत्या, पायात चप्पल नाही. त्या वर्षी पूर आलाच नाही. उलट ऑगस्ट इतका कोरडा गेला की लोक पावसासाठी डोळे लावून बसले.

मग मिरजेला ॲडमिट, सतरा दिवस. ते सोडून देऊ. बरे होते सगळे तिथे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला घरी आलो, गणपतीच्या आधी. आणि गोळ्यांनी काम केलं होतं, त्यात वाद नाही. नंबर नुसते नंबर झाले होते. मामा गणपतीला आला, माझ्याकडे बघितलं, आईला म्हणाला, 'बघ की, किती शांत झालंय पोरगं.' त्याच मामानं ऑगस्टमध्ये मला गाडीत घालून कुठल्यातरी बाबाकडे नेऊन अंगारा लावून आणलेला, त्यामुळे श्रेय थोडं त्याला पण हवं होतं. शेजारचे पण तेच, शांत झालाय. आत्या तर म्हणाली, 'आधीपेक्षा पण चांगलं झालंय, उलटं बोलत नाही.'

मी उलटं बोलत नव्हतो कारण मी बोलतच नव्हतो. सकाळी चारला जाग यायची. पंख्याकडे बघत पडायचं. सहाला आईचा मिक्सर, सातला दूधवाला, ते सगळं ऐकायचं पण उठायचं म्हणजे अंगावर कुणीतरी सिमेंटचं पोतं ठेवलंय. दुपारनंतर थोडं हलकं व्हायचं, संध्याकाळी टीव्हीसमोर बसता यायचं, आणि नेमके लोक भेटायला यायचे संध्याकाळी, त्यामुळे त्यांना जो मी दिसायचो तो दिवसातला सगळ्यात चांगला मी. कपबशी धरली की बशी वाजायची, हात थरथरायचा. चालताना हात हलत नव्हते हे मला कुणीतरी काढलेल्या गणपतीच्या व्हिडिओत दिसलं, आरतीला सगळे टाळ्या वाजवतायत आणि मागे एक पुतळा उभा आहे, तो मी.

आणि डोक्यात काय चालायचं, तर ती पिशवी. आजींची. रेशनकार्ड आणि देव. मला वाटायचं की सायकोसिसमध्ये केलेलं माणूस विसरत असेल, दारू प्यायलेल्या माणसासारखं. नाही विसरत हो. सगळं एचडीमध्ये आठवतं. ऑफिसच्या ग्रुपवर मी पहाटे पाठवलेले मेसेज, त्याखाली सगळ्यांची नावं 'सीन' म्हणून, आणि एकाचंही उत्तर नाही. एका क्लायंटला फोन करून मी सांगितलं होतं की तुमच्या जीएसटी नंबरात धोका आहे. मी ते एकेक काढून बघायचो रात्री, जसं जिभेनं दुखरा दात चाचपतात तसं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, वेडेपणापेक्षा पण जास्त. मला ते परत हवं होतं. ते दोन महिने भीती होती, झोप नव्हती, सगळं खरं आहे, पण त्या दोन महिन्यांत मी अख्खी सांगली वाचवत होतो. रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी माझ्यासाठी काहीतरी घेऊन येत होती. आणि मग एक दिवस गोळीनं तो रेडिओ बंद केला आणि उरलं काय, तर एकतीस वर्षांचा, नोकरी गेलेला, सात किलो वजन वाढलेला, बघण्याचा कार्यक्रम रद्द झालेला एक माणूस, ज्यानं एका म्हातारीला रात्री तीनला जिन्यात बसवलं. मला कुणी पाठवलंच नव्हतं. कुणी मेसेज देतच नव्हतं. सगळे म्हणतात 'इनसाईट आली', म्हणजे तो आजार होता हे आपलं आपल्याला कळलं, चांगली खूण आहे म्हणतात. असेल. पण इनसाईट म्हणजे काय ते ज्याला येते त्याला विचारा.

गोळ्या बंद केल्या तर ते परत येईल का, असा विचार कितीतरी वेळा आला. एकदा चार दिवस गुपचूप तोंडातून काढून टाकल्या पण. परत काही आलं नाही, फक्त झोप गेली आणि पाचव्या दिवशी मीच घाबरून घेतली. हा शहाणपणा नाही, नशीब. बऱ्याच जणांच्या बाबतीत ह्याच ठिकाणी गाडी परत घसरते आणि पहिल्यापेक्षा जोरात घसरते.

ऑक्टोबरमधला फॉलोअप चार मिनिटांचा झाला. बाहेर दीड तास बसलो होतो, आत गेल्यावर प्रश्न आले, आवाज? नाही. संशय? नाही. भीती? नाही. झोप? लागते (चारला जाग येते हे मी सांगितलं नाही कारण झोप लागते का विचारलं होतं, कधी उडते ते नाही). जेवण? जेवतो. व्हेरी गुड, हेच चालू ठेवा, पुढच्या महिन्यात या. डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर पन्नास माणसं होती आणि त्यातले काही माझ्या ऑगस्टमध्ये होते. जो आरडाओरडा करतो त्याच्याकडे आधी बघावं लागतं. घरात पण तेच. आजार किती आहे ते आपल्याकडे आवाजावर मोजतात.

मग दिवाळी आली. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच्या दोन दिवस आधी आईनं पातळ पोह्यांचा चिवडा केला आणि मीठच घालायचं विसरली. सगळं डोकं माझ्याकडे लागलेलं, विसरणारच. आता आमच्या घरात मी मीठ-मास्तर. लहानपणापासून पहिला घास मी घेणार आणि 'आई, मीठ कमी' म्हणणार, त्यावरून शंभर भांडणं झालीत. पप्पांनी पहिली मूठ तोंडात टाकली आणि म्हणाले, अगं हे अळणी आहे. आईनं माझ्याकडे बघितलं. माझी प्लेट रिकामी होती. मी बसून पूर्ण प्लेट खाल्ली होती.

ती काही बोलली नाही तेव्हा. पण पुढच्या अपॉइंटमेंटला ती आत आली, नेहमी पप्पा यायचे, आणि व्हेरी गुडच्या आधीच म्हणाली, 'डॉक्टर, ह्याला मीठ कळंना झालंय.' डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता चव जाण्याच्या टेस्ट करतील. पण त्यांनी आईला बसायला सांगितलं, आणि मला वेगळेच प्रश्न विचारायला लागले. सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी? जाग किती वाजता येते? पुढं काही चांगलं होईल असं वाटतं का? स्वतःबद्दल काय वाटतं? ऑगस्टमध्ये जे झालं त्याचा दोष कुणाचा वाटतो? हे प्रश्न मला नंतर ओळखीचे झाले, कॅलगरी स्केल म्हणून नऊ प्रश्नांचं एक माप आहे, कॅनडातल्या ॲडिंग्टन लोकांनी १९९० मध्ये खास स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी केलेलं, कारण नेहमीची डिप्रेशनची मापं लावली की आजार कुठला, गोळ्यांचा परिणाम कुठला आणि उदासी कुठली हे सगळं एकात एक मिसळतं.

त्यात एक प्रश्न असतो, लोक तुम्हाला दोष देतायत, तुमच्याबद्दल बोलतायत असं वाटतं का. त्यांनी तो फार जपून विचारला, मान तिरकी करून, कारण ह्याचं उत्तर 'हो' आलं तर आजार परत डोकं वर काढतोय की काय असं असतं ना. मी म्हटलं, 'वाटत नाही डॉक्टर, बोलतातच. मी रात्री तीनला बेल वाजवल्या होत्या.' ते हसले. मी पण हसलो बहुतेक, चेहरा हलला नसेल पण आतून हसलो. अडीच महिन्यांतलं पहिलं.

मग त्यांनी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का. आई शेजारी होती. मी म्हटलं, करायचं काही नाही, पण सकाळी उठलोच नाही तर बरं होईल असं रोज वाटतं. आईनं माझा हात धरला, म्हणजे पकडलाच, आणि घरी जाईपर्यंत सोडला नाही, वडापमध्ये पण. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा तिच्या कपाटात गेला आणि आठवड्याच्याच गोळ्या बाहेर राहायला लागल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर खाली टेलिमानसचा नंबर लिहून दिला, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे. मी एकदाच लावला, पहाटे साडेचारला, वीस मिनिटं बोललो, काय बोललो ते आठवत नाही, बाहेर उजाडलं तेवढं आठवतं.

तर त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो, मी काही डॉक्टर नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टी असतात. एक, गोळीचा परिणाम. रिस्पेरिडोनसारखी औषधं मेंदूतलं डोपामाइन अडवतात, त्यानं भास-संशय थांबतात, पण त्याच अडवण्यानं हालचाल जड होते, चेहरा दगडी होतो, हात थरथरतो, पार्किन्सनसारखं. दोन, त्या आजाराचाच एक भाग असतो ज्यात माणसाची इच्छाच मावळते, त्याला वाईटही वाटत नाही, काहीच वाटत नाही. आणि तीन, खरंखुरं डिप्रेशन. मला वाईट वाटत होतं, भरपूर वाटत होतं, अपराधी वाटत होतं, म्हणून त्यांना तिसऱ्याचा संशय, पण पहिलं पण होतंच. एकदम दोन गोष्टी बदलायच्या नाहीत म्हणाले, नाहीतर कशानं काय झालं कळणार नाही. हे मला फार आवडलं, आम्ही पण रिकन्सिलिएशन असंच करतो, एका वेळी एक एंट्री. आधी सायकोसिसची चार मिलिग्रॅमची गोळी तीनवर आणली, थांबून बघितलं. बशी वाजायची थांबली, हात हलायला लागले. सकाळचं सिमेंट तसंच. मग डिसेंबरमध्ये एस्सिटालोप्राम, म्हणजे डिप्रेशनची गोळी, पाचनं सुरुवात मग दहा. आणि हे वाचून कुणी स्वतःच्या गोळ्यांचे आकडे स्वतः हलवू नका प्लीज, मी चार दिवसांची गंमत वर सांगितलीच आहे.

नंतर जरा डोकं चालायला लागल्यावर मी वाचलं. आकडे बघितल्याशिवाय मला काही पटत नाही, सवय आहे. तर ह्याला सायकोसिसनंतरचं डिप्रेशन म्हणतात आणि हे काही नवीन नाही, मॅकग्लॅशन आणि कारपेंटर म्हणून दोघांनी १९७६ मध्येच त्याच्यावर लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-१० मध्ये, स्किझोफ्रेनियानंतरच्या डिप्रेशनला स्वतःचा कोड होता, एफ २०.४ (माझ्या कागदावर तो नाही, माझ्या कागदावर नुसतं सायकोसिस लिहिलंय, एका एपिसोडवर मोठं लेबल लावत नाही म्हणाले). आणि बर्मिंगहॅमला मॅक्स बर्चवुड आणि त्यांच्या लोकांनी २००० साली एक अभ्यास छापला, स्किझोफ्रेनियाचे १०५ पेशंट, ॲक्यूट एपिसोडनंतर, म्हणजे आजाराचा जोर ओसरल्यावर, वर्षभर मागावर राहून. ३६ टक्के लोकांना भास वगैरे कमी झाल्यानंतर डिप्रेशन आलं. शंभरात छत्तीस! आणि आमच्याकडे मामा म्हणतोय शांत झालं.

त्या बर्मिंगहॅमवाल्यांचं म्हणणं असं की हे नुसतं केमिकल नाही, माणूस स्वतःच्या आजाराचा जो अर्थ लावतो त्यातून पण येतं. तीन गोष्टी ते सांगतात, काहीतरी गमावलं, नाचक्की झाली, आणि आता यातून सुटका नाही. मी ते वाचलं आणि च्यायला, म्हटलं ह्यांना माझा पत्ता कुणी दिला.

मॅकग्लॅशनचंच अजून एक आहे, १९७५ चं, की बरं होताना माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण जे झालं त्याच्यावर झाकण लावून टाकतात आणि काही जण ते आपल्या आयुष्यात कुठेतरी बसवायचा प्रयत्न करतात. आमचं घर पहिल्या प्रकारातलं. 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणायचं, इथे कृष्णेला, आणि पुढे चालायचं. ऑगस्ट हा शब्दच घरात बंद झाला होता. 'तेव्हा' म्हणायचे. 'ते तेव्हाचं.' त्यांना वाटायचं आठवण काढली तर परत होईल. मला वाटायचं आठवण काढायला सोबत कुणी नाही. झाकण लावणं वाईटच असं मी म्हणणार नाही, काहींना त्याशिवाय जगताच येणार नाही, पण माझं झाकण बसत नव्हतं.

ते उघडलं पप्पांनी, आणि त्यांना माहितच नव्हतं ते काय करतायत.

डॉक्टरांनी सांगितलेलं रोज एक काम ठरवायचं आणि मनात असो-नसो करायचं, मन नंतर येतं मागून. माझं काम होतं सकाळी पप्पांबरोबर चालत जायचं आणि परत यायचं. पप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यांचे पाय आपोआप स्टँडकडेच वळतात. जानेवारीतली थंडी, स्टँडवर चहाच्या गाड्यावर आम्ही दोघं, समोर गाड्या लागलेल्या, आणि माझी नजर खाली, कारण नंबरप्लेट बघायच्या नाहीत असं मी स्वतःला घालून घेतलेलं. पप्पांनी चहा फुंकला आणि एकदम म्हणाले, 'ते तू तेव्हा म्हणत होतास ना, गाडी सांगलीची आणि नंबर चौदाचा कसा.'

मी काही बोललो नाही. कानात रक्त आल्यासारखं झालं.

'अरे, ती दापोडीला बांधलेली असते. आपलं वर्कशॉप आहे तिथं. जिथं बॉडी बांधतात तिथलं पासिंग. वीस नंबर असला की चिकलठाण्याचं वर्कशॉप, चाळीस असला की नागपूर, हिंगण्याचं. कुठल्या डेपोला जाईल त्याचा काय संबंध नाही.' आणि मग ते सांगत सुटले, कुठल्या वर्कशॉपची बॉडी कशी वाजते, कुठली सीट कमरेला लागते, कुठल्या गाडीची बेलची दोरी हाताला बरोबर यायची. मी त्यांच्याकडे बघत बसलो. त्यांनी तीस वर्षं ह्या गाड्यांत काढलीत. त्या नंबरांना खरंच अर्थ होता. माझा सगळ्यात मोठा पुरावा, ज्याच्यावर मी अख्खा महापूर उभा केला होता, त्याचं उत्तर माझ्या घरात रोज रात्री नऊला जेवायला बसत होतं आणि मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी पण 'तेव्हा' सांगून बघितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते पण आहेच.

मग मी वर बघितलं. समोर विटा-सांगली उभी होती. एमएच १४. दापोडी, मी म्हटलं. पप्पा म्हणाले, बरोबर. पलीकडे एक चाळीस होती. नागपूर. बरोबर. असं आम्ही पाचसहा गाड्या केल्या, लहान मुलाला शिकवतात तसं, आणि मग मला रडायला आलं, स्टँडवर, चहाच्या गाड्यासमोर, तीन महिन्यांत पहिल्यांदा. पप्पांनी रुमाल नाही दिला, दुसरा चहा सांगितला.

कुणाला वाटेल इथून सगळं सुधारलं. नाही. फेब्रुवारीत पण सिमेंटवाल्या सकाळी होत्या, फक्त आठवड्यातून सातच्या ऐवजी चार, मग तीन. सुधारणा अशी येते की ती आलेली कळत नाही, एक दिवस मी आईला म्हटलं आमटीत मीठ जास्त झालंय आणि ती स्वयंपाकघरात जाऊन कितीतरी वेळ आलीच नाही. नोकरी गेली ती गेली, त्या सरांचा पण धंदा आहे. दुसऱ्या एकाकडे सुरुवातीला दिवसाला दोन तास पार्टटाईम धरलं, नुसती व्हाउचर एंट्री, आर्टिकलशिपच्या पोरांचं काम. त्याची पण नाचक्की वाटायची. मग मार्च एंडिंग आलं आणि कुणाला कशाची नाचक्की वाटायला वेळच राहिला नाही.

मार्चमध्येच मोबाईलचं स्टोरेज भरलं. बँकेचं ॲप अपडेट होईना. तेव्हा तो अल्बम उडवला. मला वाटलेलं काहीतरी मोठं वाटेल, तसं काही नाही, ॲप अपडेट झालं. पण डिलीट केलेले फोटो महिनाभर कचऱ्याच्या फोल्डरमध्ये राहतात ना, तर मी रोज रात्री झोपायच्या आधी तिथे जाऊन बघायचो, आहेत का अजून. एक दिवस गेलो आणि नव्हते.

आजींचं राहिलं. सप्टेंबरपासून मी त्यांच्या मजल्यावरून जाताना दार बंद आहे का बघून मगच उतरायचो, चपला हातात घेऊन पण गेलोय. माफी मागायची होती पण काय म्हणणार, सॉरी आजी मला वाटलं सरकार नंबरप्लेटवरून बोलतंय? आई म्हणायची अरे त्या विसरल्या असतील. बोटीतून निघालेलं माणूस कुठे विसरतंय.

२०२४ चा जुलै. पाऊस जोरात, कोयनेचा विसर्ग सुरू, पाणी रोज चढत होतं. घरात सगळे माझ्याकडे चोरून बघत होते, मला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की जुलैमध्ये झोप सांभाळ, रात्री दहानंतर मोबाईल पप्पांकडे, आणि पाण्याचा मेसेज दिवसातून एकदाच बघायचा, तो पण कलेक्टर ऑफिसचा. त्यातल्याच एका दिवशी दूध घेऊन वर चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आजी उंबऱ्यात स्टूलवर बसलेल्या. पळून जायला जागा नाही, एका हातात दुधाची पिशवी.

'काय रे,' म्हणाल्या, 'किती फूट झालंय?'

मला वाटलं टोमणा आहे. तोंडाकडे बघितलं, तर नव्हता. त्यांच्याकडे बटणाचा फोन, मुलगा पुण्याला, त्यांना खरंच कळत नव्हतं पाणी किती आहे, आणि जिन्यानं जो जाईल त्याला त्या विचारत होत्या. मी मोबाईल काढला, तोच सकाळचा मेसेज, वाचून दाखवला. म्हटलं इशाऱ्याच्या खाली आहे आजी अजून.

'मग बॅग भरू नको ना?'

'नको.'

'बघ हं. तुझ्या भरवशावर बसते.'

मी घरी आलो, दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि मोबाईल पप्पांच्या हातात दिला. म्हटलं, हा मेसेज मोठ्यानं वाचा जरा, तुम्हाला पण तेवढाच आकडा दिसतोय ना. त्यांनी चष्मा लावून वाचला. तेवढाच होता.